वादी, प्रतिवादी आणि परमेश्वर

पनवेलच्या न्यायालयाच्या आवारात कामाच्या दिवशी थोडा वेळ उभं राहिलं, की दोन तऱ्हेची माणसं ओळखू येतात. एकाला आज निकाल लागू नये असं मनापासून वाटत असतं. पुढची तारीख पडली की त्याच्या जिवात जीव येतो. दुसऱ्याच्या चपला याच आवारात झिजलेल्या असतात. तारीख पडली की त्याचं तोंड उतरतं. आमच्या तालुक्यात ही दुसऱ्या तऱ्हेची माणसं फार. नवी मुंबई वसवायची म्हणून १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. वाढीव मोबदल्याचा दावा बापाने लावला आणि मुलाने चालवला, अशी घरं इथे शोधावी लागत नाहीत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचं सूत्र त्यातून पुढे आलं. या लोकांना न्यायाधीशाची भीती वाटत नाही. तो सुनावणीला बसेल की नाही, याचा घोर असतो.

बायबलमधल्या दैवी न्यायाविषयी मराठीत बोलणं निघालं, की डोळ्यांपुढे फक्त पहिला माणूस येतो: पिंजऱ्यात उभा, मान खाली, पाय लटपटणारा. वर सिंहासन, खाली आगीचा डोह. चौकातल्या भाषणांनी, वाटलेल्या पत्रकांनी आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या ‘शेवटच्या काळा’च्या व्हिडिओंनी हे चित्र पक्कं केलं आहे. ख्रिस्ती नसलेला वाचक त्याला चित्रगुप्ताची चोपडी जोडतो आणि विषय मिटवतो. शास्त्रलेख प्रत्यक्ष उघडले, तर पिंजऱ्याइतकीच गर्दी फिर्यादीच्या बाकावर दिसते. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनी १९५८ साली स्तोत्रांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी हे नेमकं हेरलं आहे. ख्रिस्ती माणूस स्वतःला फौजदारी खटल्यातला आरोपी समजतो आणि सुटकेची आशा धरतो. जुन्या स्तोत्रांचा गायक दिवाणी दाव्यातला वादी असतो आणि भरपाईची. म्हणूनच ९६व्या आणि ९८व्या स्तोत्रांत परमेश्वर न्याय करायला येतोय या बातमीने शेतं हरखतात, नद्या टाळ्या वाजवतात. आरोपीच्या कानाला ही गाणी विचित्र वाटतील. ज्याची जमीन गेली आहे, त्याला ती लगेच कळतील.

लुईस यांच्या पुढे मला एक पाऊल टाकावंसं वाटतं. त्यांनी एक बाक यहुद्यांना दिला, दुसरा ख्रिस्त्यांना. बायबलमध्ये जागा इतक्या पक्क्या नाहीत. एकच माणूस उठून या बाकावरून त्या बाकावर जातो, कधी एकाच अध्यायात, आणि जागा बदलली की भावना बदलते. भय, लाज, संताप, घासाघीस, रुसवा, सुटकेचा आनंद, सूडाची तहान यांतली कोणती भावना कुठे उगवते, हे माणूस किती धार्मिक आहे यावर ठरत नाही, तो कुठे उभा आहे यावर ठरतं. या लेखसंग्रहामागचा विचार थोडक्यात एवढाच आहे.

दावीद राजाचं उदाहरण घेऊ, कारण त्याच्याइतक्या झपाट्याने जागा बदलणारा दुसरा कोणी नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय. उरियाची बायको दावीदाने आपलीशी केली आहे आणि उरियाला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं आहे. नाथान संदेष्टा येतो आणि आरोप न करता गोष्ट सांगतो: एक श्रीमंत, एक गरीब, गरिबाची लेकीसारखी वाढवलेली एकच कोकरी, आणि पाहुण्याच्या जेवणासाठी तीच कापणारा श्रीमंत. दावीद खवळतो. मृत्युदंडाची भाषा करतो, चौपट भरपाई फर्मावतो. या क्षणी तो न्यायाधीश आहे आणि त्याचा संताप खरा आहे. मग नाथान सांगतो की हा श्रीमंत दुसरा कोणी नाही. पुढचं दावीदाचं उत्तर मूळ हिब्रूत जेमतेम दोन शब्दांचं आहे. राजवाडा, सैन्य, लेखनिक सगळं असूनही बचावाचं एक वाक्य नाही.

त्याच अध्यायात पुढे मूल आजारी पडतं. दावीद जमिनीवर पडून राहतो, अन्न टाकतो, घरातली वडीलधारी मंडळी उठवायला आली तरी उठत नाही. सातव्या दिवशी मूल जातं. सांगायची हिंमत कोणात नाही. चाकरांची कुजबूज पाहून तोच ओळखतो. आणि मग उठून अंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरी जाऊन येतो आणि जेवण वाढायला सांगतो. मयताच्या घरी चूल न पेटवणाऱ्या आपल्या वाचकाला त्या चाकरांचा धक्का समजावून सांगावा लागणार नाही. दावीदाचं म्हणणं सरळ आहे: निकाल लागायचा होता तोवर विनवणी होती, आता कोणापुढे करू? हा निगरगट्टपणा, ही शरणागती, की दुःखाने आलेला कोरडेपणा? कथा सांगत नाही. शोकाचा असा उलटा क्रम मला इतर कुठल्या धर्मग्रंथात आठवत नाही.

कथा सांगत नाही, हे वाक्य या पुस्तकात वारंवार येईल. जर्मन अभ्यासक एरिक आउअरबाख यांनी इस्तंबूलमध्ये निर्वासित असताना लिहिलेल्या आणि १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’मध्ये होमरची आणि बायबलची शैली शेजारी ठेवली आहे. होमर सगळं उजेडात मांडतो. बायबलचा निवेदक मन झाकून ठेवतो आणि फक्त हालचाल दाखवतो. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम नाश ठरलेल्या सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करतो, ते याचंच उदाहरण. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा. बहुतेक वेळा आधी माफी, मग नवा आकडा. बाजारात मुरलेल्या कोणालाही हा सूर ओळखू येईल. दहावर तो थांबतो. का थांबला, आणखी खाली का गेला नाही, यावर शतकानुशतकं वाद चालू आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे तो त्याच जागी येऊन उभा राहतो आणि भट्टीसारखा उठणारा धूर पाहतो. त्याला काय वाटलं याबद्दल एक अक्षर नाही. नोहाचं तर याहून गूढ. अख्खं जग बुडणार हे कळल्यावर त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. दुःख झाल्याची नोंद आहे ती देवाची.

पनवेलमध्ये बसून हे पुस्तक जुळवताना एक कथा टाळणं अशक्य होतं. जुन्या पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेलं बेथ-एल हे बेने इस्रायल समाजाचं प्रार्थनास्थळ आहे. कोकणात शतकानुशतकं तेल गाळणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून शनवार तेली म्हणवला गेलेला हा समाज. १९४८ नंतर त्यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. त्यांच्या सणांची नावं अस्सल कोकणी घरातली: बिरड्याचा सण, खिरीचा सण, आणि प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवसाला दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेण्याचा. उपास, पांढरे कपडे, दिवसभर प्रार्थना. जगभरच्या यहुदी प्रार्थनास्थळांत त्या दिवशी दुपारी योनाचं पुस्तक वाचलं जातं. हिब्रू प्रार्थनांचं मराठी करण्यात जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हयात घालवली. ख्रिस्ती वाचकांनी जुन्या कराराकडे जाताना या शेजाऱ्यांकडून रस्ता विचारला असता, तर बरेच गैरसमज टळले असते. मिशनऱ्यांनी त्यांना शिकवलं खूप, त्यांच्याकडून शिकले कमी.

योना म्हटलं की मासा, आणि मासा म्हटला की रविवारची मुलांची शाळा. माशाचा भाग जेमतेम एका अध्यायाचा. खरी गंमत नंतर आहे. निनवे ही अश्शूरची राजधानी. याच अश्शूरने इ.स.पू. ७२२ मध्ये इस्राएलाचं उत्तरेकडचं राज्य पुसून टाकलं. म्हणजे योना ज्यांच्याकडे पाठवला गेला, ते त्याच्या लोकांचे आरोपी आहेत. चाळीस दिवसांत शहर उलथेल एवढंच तो सांगतो, तेही मन मारून. निनवे हादरतं. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांनाच नव्हे तर गुराढोरांनाही गोणपाट नेसवतात, त्यांनाही चारा-पाणी तोडतात. शिक्षा रद्द होते. आणि वादी भडकतो. योना देवाला ऐकवतो की तू असाच मवाळ आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी आधी पळालो. आता मला मरण दे. मग शहराबाहेर मांडव घालून, अजूनही काही घडतंय का, हे पाहत बसतो. सावलीला एक वेल उगवतो तेव्हा त्याला मनस्वी आनंद होतो. पुस्तकभर त्याला झालेला हा एकुलता एक आनंद. किडा वेल कुरतडतो, ऊन लागतं, पुन्हा मरण मागणं सुरू. शेवटी देव एक प्रश्न विचारतो: तुला एका वेलाची हळहळ, मग मला एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांची आणि इतक्या गुरांची का वाटू नये? योनाचं उत्तर नोंदलेलं नाही. पुस्तक तिथेच संपतं.

हा रुसवा हास्यास्पद आहे, आणि लेखकाने तो हास्यास्पद केलाही आहे. पण ज्याच्या घरादाराची राख झाली, त्याने आरोपी रडला म्हणून समाधान मानावं का, हा योनाचा मुद्दा पोकळ नाही. प्रवचनांत त्याला कोत्या मनाचा ठरवून मोकळं होतात. मला ते पटत नाही.

मराठी वाचकाला अशा भांडणाची सवय आहे, खरं तर. नामदेव विठ्ठलाशी रुसतात, जनाबाई त्याला शिव्या देतात, तुकोबा त्याच्याशी हमरीतुमरीवर येतात, आणि यातून भक्ती कमी होते असं कोणी वारकरी म्हणत नाही. यिर्मया देवावर फसवणुकीचा आरोप करतो, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. ईयोब तर देवाला कोर्टात खेचायची भाषा बोलतो. त्याचे मित्र आधी सात दिवस-रात्री त्याच्याजवळ गप्प बसतात, तेवढंच त्यांचं चांगलं. तोंड उघडल्यापासून ते देवाची वकिली करतात आणि ईयोबाला कुठलं तरी पाप कबूल करायला लावू पाहतात. बेचाळिसाव्या अध्यायात देव कोणावर रागावतो? मित्रांवर. भांडणाऱ्याचं बोलणं खरं आणि आपली बाजू घेणाऱ्यांचं खोटं, असा निकाल खुद्द न्यायाधीश देतो. संतांच्या भांडणाशी फरक आहे तो इथे, की विठ्ठलाशी भांडण आप्तपणाचं असतं, मायलेकरांचं. ईयोबाचं कज्ज्याचं आहे. त्याला मांडीवर जागा नको आहे, सुनावणी हवी आहे.

नव्या करारात सूर मवाळ होतो, असा एक लाडका समज आहे. न्यायाची सर्वांत भेदक चित्रं नव्या करारातच आहेत. फक्त तिथली भावना अनपेक्षित असते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात तेव्हा दोन्ही बाजूंना सारखंच आश्चर्य वाटतं. तुला उपाशी आम्ही कधी पाहिलं, असं जेवू घालणारेही विचारतात आणि न घालणारेही. प्रेषितांच्या कृत्यांत रोमन सुभेदार फेलिक्स पौलाकडून येणाऱ्या न्यायाविषयी ऐकतो, घाबरतो, आणि सवड झाली की बोलावीन असं सांगून त्याला वाटेला लावतो. लाच मिळेल ही आशाही सोबत आहेच. पुढची तारीख! लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा मात्र तारखांना दाद देत नाही. बेपर्वा न्यायाधीशाच्या मागे इतकी लागते की तो कंटाळून निकाल देतो. येशूने प्रार्थनेचा नमुना म्हणून नेमकी ही बाई निवडली.

आणि प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय, जो आम्हा पनवेल-उरणकरांनी तरी वाचावाच. बाबेल नावाचं सत्ताकेंद्र जळतं आहे आणि राजे, व्यापारी, खलाशी लांब उभं राहून रडत आहेत. व्यापाऱ्यांच्या रडण्यात मालाची यादी येते: सोनं, चांदी, मोती, तलम कापड, दालचिनी, द्राक्षारस, तेल, गहू, गुरं, घोडे, आणि यादीच्या तळाशी माणसं. विकायची माणसं. आता आपला माल कोण घेणार, हे त्यांचं दुःख. न्हावा-शेवा बंदरातले कंटेनर रोज पाहणाऱ्याला ही यादी परकी वाटायची नाही. तिथेच वर स्वर्गात आनंद चाललेला आहे, कारण यादीच्या तळाशी असलेल्यांचा दावा निकाली निघाला आहे. एकाच धुराकडे पाहून कोणी रडतं, कोणी गातं.

या भावनांचं काय करायचं, यावर चर्चचा इतिहास मोठा आहे. इथे त्यातली ठळक वळणंच सांगतो. ऑगस्टीनने भीतीच्या दोन जाती पाडल्या: व्यभिचारी बायकोला नवरा घरी येईल याची भीती असते, निष्ठावंत बायकोला तो सोडून जाईल याची. इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी पापाबद्दल येणाऱ्या अश्रूंना देणगी मानलं. मध्ययुगात रोमन परंपरेत कोपाच्या दिवसाचं लॅटिन गीत मयताच्या मिस्सेत स्थिरावलं; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते काढून तिथे पुनरुत्थानाच्या आशेवर भर दिला गेला. ल्यूथर न्यायाच्या धसक्याने वर्षानुवर्षं पोखरला गेला आणि त्यातून त्याला कृपेचा शोध लागला. अर्ध्या युरोपचा इतिहास त्या एका माणसाच्या घाबरण्यातून वळला. ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेतल्या एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्सने संतप्त देवाच्या हाती सापडलेल्या पाप्यांवर प्रवचन दिलं तेव्हा श्रोत्यांच्या किंकाळ्यांनी त्याला थांबावं लागलं. पाच वर्षांनी त्यानेच धार्मिक भावना खऱ्या कशा ओळखाव्यात यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. किंकाळीवर विसंबता येत नाही, हे बहुधा त्याला कळलं असावं.

विसाव्या शतकात अभ्यासाचे रस्ते फुटले. रुडोल्फ ओटो यांनी १९१७ साली पवित्राच्या अनुभवात धडकी आणि ओढ एकत्र असतात असं मांडलं. हे दरारा समजायला उपयोगी आहे, पण त्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न विरघळून जातो, असं माझं मत. हर्मान गुंकेल यांनी स्तोत्रांचे प्रकार पाडून दाखवलं की सर्वांत मोठा गट तक्रारींचा आहे. क्लाउस वेस्टरमान यांनी ते काम पुढे नेलं, आणि वॉल्टर ब्रूगमन यांनी १९८६ साली एका गाजलेल्या लेखात विचारलं की चर्चने उपासनेतून तक्रार हद्दपार केली, तर न्यायाचा प्रश्न कोण विचारणार? अब्राहाम हेशेल यांनी १९६२ च्या ‘द प्रॉफेट्स’ या ग्रंथात कॅमेरा उलटा फिरवला: भावना माणसाचीच का पाहायची, देव स्वतः व्यथित होतो, आणि संदेष्टा त्या व्यथेने भाजलेला माणूस असतो. हेशेल यांचं घर नाझींनी संपवलं होतं. त्यांनी हे आरामखुर्चीतून लिहिलेलं नाही. त्याच १९८६ मध्ये पेरूतल्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचं ईयोबावरचं पुस्तक आलं, त्यात निर्दोष दुःखिताने देवाविषयी कोणत्या भाषेत बोलावं, हा प्रश्न गरीब वस्त्यांमधून विचारलेला आहे.

मराठीत हा प्रवाह जुना आहे. थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल इथे छापलं गेलं, रोमन लिपीत पण मराठी ओवीत. त्याचा पहिला भाग सृष्टीपासून पतन, प्रलय अशा जुन्या करारातल्या कथांतून जातो. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. आणि दरारा आहे तिथेही ओवीची लय त्याला कुशीत घेते. एकोणिसाव्या शतकात मात्र पिंजऱ्याचं चित्र ठसलं. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, १८८८ च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी मनाची घालमेल मोकळेपणाने मांडली. स्वतःच्या धर्मांतराविषयी इतकं प्रामाणिक मराठी गद्य त्या काळात विरळा.

पण सर्वांत बोलका प्रसंग केडगावचा. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेली. देवदेवतांना घातलेली साकडी वाया गेल्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो अनाथ मुली-बाया मुक्ती मिशनमध्ये आणल्या. जून १९०५ मध्ये तिथे संजीवन आलं. मुली तासन्‌तास रडत होत्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, आपापली पापं कबूल करत होत्या. मग त्यातून आनंदाची, गाण्या-नाचण्याची लाट उठली. परदेशी नियतकालिकांत याची वर्णनं भरभरून छापली गेली. ती वाचताना माझ्या मनात एकच शल्य राहतं. दुष्काळाने, सावकाराने, घरच्यांनी आणि रस्त्यावरच्या दलालांनी ज्यांना नागवलं, त्या मुली आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून रडल्या. त्यांच्या बाजूचा दावा कोणी मांडला? उत्तर सोपं नाही, कारण त्याच मुलींना त्या रात्रींनी आवाज दिला, त्या गावोगाव बोलायला निघाल्या. आणि रमाबाई स्वतः याच वर्षांत हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी करत होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते संपूर्ण प्रसिद्ध झालं. यिर्मयाची तक्रार आणि ईयोबाचा कज्जा साध्या बायांच्या मराठीत आणण्याची धडपड करणारी बाई वादीची बाजू विसरली होती, असं मी म्हणू धजणार नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ नंतर तिसराच रस्ता काढला. ‘अभंगांजली’त ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे, न्यायासन जवळजवळ दिसतच नाही. मराठी ख्रिस्ती उपासनेला या प्रेमाने भिजवलं, ते योग्यच झालं. पण त्याने भांडायची जागाही लाडाने भरून टाकली, अशी माझी कुरकुर आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मात्र देवाला आणि नवऱ्याला दोघांनाही सुनावणारा आवाज शाबूत आहे. पुढे १९८०च्या दशकात मराठी मातीतलेच अरविंद निर्मळ यांनी दलित ईशज्ञानाची मांडणी केली, तेव्हा वादी पुन्हा बाकावर येऊन बसला: ज्याच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्याला देवाचा न्याय म्हणजे धमकी वाटण्याचं कारणच काय?

आज हे का वाचायचं? १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्याआधी २६ जुलै २००५ चा पूर, मग तळियेची दरड, मधे कोविड. दर वेळी कुणी ना कुणी पापाचा हिशोब मांडायला पुढे सरसावतं. नेऱ्याच्या शांतिवनासारख्या वसाहती ज्यांच्यासाठी उभ्या राहिल्या, त्या कुष्ठरुग्णांनाही हाच हिशोब पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला. लूकच्या तेराव्या अध्यायात येशूसमोर हाच प्रश्न येतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले. ते काय यरुशलेमातल्या इतरांहून अधिक पापी होते? नाही, असं तो स्वच्छ सांगतो. आणि लगेच विचारणाऱ्यांकडे वळून त्यांना स्वतःकडे पाहायला लावतो. मेलेल्यांवरचा खटला काढून टाकला, जिवंतांवरचा ठेवला. दरडीखालच्या माणसांचं पाप शोधणाऱ्या उपदेशकांनी हा अध्याय अजून वाचलेला दिसत नाही.

या संग्रहातले लेख बायबल पहिल्यांदा हाती घेणाऱ्या वाचकासाठी लिहिले आहेत. स्वर्ग-नरकाचा भूगोल, जगबुडीच्या तारखा, कोणतं श्वापद म्हणजे कोणता देश, यातलं काही इथे मिळणार नाही. लेखक वेगवेगळ्या मंडळ्यांमधले आहेत. काही कोणत्याच मंडळीतले नाहीत. प्रत्येकाने एक प्रसंग घेऊन त्यात कोण कुठे उभं आहे आणि त्याच्या अंगावर काय उमटतं, एवढं पाहायचं ठरलं होतं. मराठी बायबलांपैकी रमाबाईंचं भाषांतर, बायबल सोसायटीची आवृत्ती आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं टीपांनी समृद्ध ‘सुबोध बायबल’, यांपैकी जे सोयीचं ते ज्याने त्याने वापरलं आहे. मी एकवाक्यता लादलेली नाही.

एका प्रश्नावर मात्र आमचं शेवटपर्यंत जुळलं नाही. १३७व्या स्तोत्राची अखेर सूडाची आहे, शत्रूच्या लेकरांपर्यंत जाणारी. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणेत आपल्या रोजच्या प्रार्थनापुस्तकातून ती अखेर वगळली, ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं तर पूर्णच काढली. आमच्यातल्या एकाचं म्हणणं की हे शहाणपणाचं झालं. सूडाचं वाक्य रोज तोंडी बसलं की ते हातात उतरायला वेळ लागत नाही. दुसरीचं म्हणणं की बाबेलने ज्यांची मुलं मारली, त्यांचा जबाब रेकॉर्डवरून काढायचा अधिकार कोणालाच नाही, चर्चलाही नाही. माझं मत दुसरीच्या बाजूने झुकतं, पण पहिल्याची भीती मला खोटी वाटत नाही. दोन्ही लेख लागोपाठ छापले आहेत, आणि कोणता आधी ठेवायचा हे चिठ्ठी टाकून ठरवलं.